वकीलपत्र घेतल्यावर पुकाऱ्याला हजर राहिलेच पाहिजे

पुण्यात वकिली करताना अनेक वर्षे मीही वकील संघटनेच्या ‘कामकाजापासून अलिप्त राहण्याच्या’ ठरावांमागे, म्हणजे वकिलांच्या संपामागे, मुकाट्याने गेलो आहे. ते चुकीचे होते, हे आज स्पष्टपणे लिहितो आहे.

गेल्या वेळी असा ठराव झाला, तेव्हा माझे एक पक्षकार मुळशीहून पहिल्या एसटीने आले होते. वय सत्तरीचे, तरुण मुलगा रस्ता अपघातात गेलेला. नुकसानभरपाईच्या दाव्यात त्या दिवशी त्यांची उलटतपासणी व्हायची होती. पुकारा झाला, म्हणजे न्यायालयात दाव्याचे नाव पुकारले गेले, दोन्ही बाजूंचे वकील गैरहजर असल्याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे कामकाजाच्या नोंदीत, झाली आणि तीन महिन्यांनंतरची तारीख पडली. मुलाचा फोटो आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवत त्यांनी मला विचारले, “साहेब, पुढच्या वेळी निघायच्या आधी फोन करू का?” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला तेच अधिक लागले.

वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा, अगदी लाक्षणिक संपाचाही अधिकार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने हरीश उप्पल प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये दिला. वकीलवर्गाची किंवा न्यायसंस्थेची प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांवरच घाला आला, तर अत्यंत दुर्मिळ प्रसंगी एका दिवसापुरत्या अनुपस्थितीकडे न्यायालय दुर्लक्ष करू शकेल, एवढीच मोकळीक त्यात आहे. संपात सामील न होणाऱ्या वकिलाला संघटनेतून काढण्याची धमकी देता येणार नाही, हेही तिथेच म्हटले आहे. त्याआधी २००० मध्येच, संपामुळे गैरहजर राहिलेल्या वकिलाकडून खर्च वसूल करता येईल, असे याच न्यायालयाने सांगितले होते. आपण हे निकाल इतरांच्या प्रकरणांत हिरिरीने वाचून दाखवतो आणि स्वतःवर वेळ आली की बार रूममध्ये चहा घेत बसतो.

वकिलांच्या मागण्या खोट्या आहेत, असे मी मुळीच म्हणत नाही. राहुरीतील वकील दांपत्याची जानेवारी २०२४ मध्ये हत्या झाली, तेव्हा राज्यभरच्या वकिलांना बसलेला धक्का खरा होता. राजस्थानने २०२३ मध्ये वकील संरक्षण कायदा केला. महाराष्ट्रातही तो व्हावा, यासाठी मी सही करीन, मोर्चात चालेन, दंडाला फीत बांधेन. उप्पल निकालाने निषेधाचे हे सगळे मार्ग खुले ठेवले आहेत. मात्र कायदा करायचा आहे विधिमंडळाने, आणि एसटीचे भाडे व बुडालेली मजुरी जाते पक्षकाराची, हे मला कोणत्याही युक्तिवादाने पटवून घेता येत नाही.

वकीलपत्रावर, म्हणजे वकील नेमल्याच्या कागदावर, सही पक्षकाराची असते आणि ते स्वीकारतो मी. संघटना त्यात कुठेच नसते. तिच्या ठरावाने माझे हे बंधन सुटते, असे आपण कोणत्या आधारावर मानू लागलो?

काल त्या गृहस्थांना मीच फोन केला. तारखेला या, ठराव असो वा नसो, पुकाऱ्याला मी हजर असेन, असे त्यांना सांगितले आहे.