शुगरवाल्यांनी डाळ बंद करायची? थोडा खुलासा

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय ना, शुगर असेल तर डाळ, अंडी, पनीर सगळं बंद करा नाहीतर किडनी जाते, तो जसाच्या तसा खरा नाहीये. पंचवटीतल्या आमच्या मावशीने तो वाचून वरणच सोडलं, नुसता भात नि बटाट्याची भाजी, मग शुगर वाढणार नाही तर काय! डायबेटिसमध्ये किडनी बिघडते ती मुख्यतः वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगर आणि बीपीने, वाटीभर वरणाने नाही. किडनीचा आजार आहे पण डायलिसिस नाही, अशांना केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०२२ ची गाइडलाइन वजनाच्या किलोमागे रोज ०.८ ग्रॅम प्रोटीन सांगते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम, आणि एका अंड्यात असतं साधारण ६, करा हिशोब. बंद नाही, बेताने. प्रोटीन पावडरचे डबे मात्र यांनी मनाने आणू नयेत. डायलिसिस सुरू झालं की उलट जास्त लागतं, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, तिथे तोडलं तर माणूस खंगतो. मिसळीतली मटकी बिचारी उगाच बदनाम, तर्रीतलं मीठ कोणी बघतच नाही. टाइप २ वाल्यांनी निदान झाल्यापासूनच दरवर्षी, किडनी कशी चालतेय ते कळायला, लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं असतं, मावशीचं राहिलंच होतं, सोमवारी नेतोय.