तांब्या-शिशाची सोयरीक

चूक माझीच होती. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यावं, असं आई आयुष्यभर सांगत आली. तिचा तांब्या रोज रात्री भरून उशाशी असतो. गेल्या उन्हाळ्यात एका ओळखीच्याकडे सोलरच्या कामातला सात फूट तांब्याचा पाइप उरला आणि मला वाटलं, एका तांब्यावर कशाला भागवायचं, नळच तांब्याचा करू! पाणी तांब्यात रात्रभर मुरावं लागतं आणि पाइपातून ते डोळ्याची पापणी लवायच्या आत हौदात पडतं, हा हिशेब मला फार उशिरा सुचला.

आमचं घर छत्रपती संभाजीनगरात, गुलमंडीच्या मागच्या बोळात, निजामाच्या काळातलं. अंगणाच्या भिंतीतून एक करडा, जाडसर पाइप वर येतो. तो किती जुना हे कुणाला ठाऊक नाही. प्लंबरनं त्याच्यावर दोनदा पाना वाजवला, "जुनं जीआय आहे, काका, जस्त चढवलेलं लोखंड, मजबूत," असा निर्वाळा दिला, नव्या पाइपाशी युनियन नावाच्या जोडानं त्याचं लग्न लावलं, वर टेफलॉन टेपचे वेढे दिले आणि आठशे रुपये घेऊन गेला.

आता इथे एक अडचण आहे. आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येतो. गळती पाहायची तर पाणी पाहिजे. म्हणजे दुरुस्ती सोमवारी केली, तरी निकाल पुढच्या सोमवारी. बोर्डाची परीक्षा परवडली, तिथे निदान रात्री अडीचला निकाल लागत नाही.

पहिला निकाल लागला तेव्हा बोळात "नळ आलाऽऽ" अशी आरोळी उठली, टिपाडं सरकली, मोटारी घुमल्या. मी बॅटरी घेऊन सांध्यापाशी उकिडवा बसलो. आधी युनियनखाली नुसती ओल दिसली. मग एक थेंब तयार झाला, खाली लोंबला, पोट फुगवून क्षणभर विचार केला आणि पडला. मिनिटाला अठ्ठावीस. मी मोजले. आईनं खाली पातेलं ठेवलं आणि सकाळी त्या पाण्यावर कर्दळीचा एक कंद आणून लावला. "वाया कशाला घालवायचं?" मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला गळतं पाणी दिसलं की आधी भांडं आठवतं, पाना नंतर.

दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः पाना घेतला आणि सांधा आवळला. थेंब चाळीस झाले. अजून आवळला, पंचावन्न. आवळावं तसं गळणं वाढावं, हे मी राजकारण सोडून दुसरीकडे पाहिलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एम-सील झालं. चौथ्यात शेजारच्या काकांनी सायकलची ट्यूब करकचून बांधली आणि वर प्रवचन दिलं, "अरे, मलिक अंबरानं मातीच्या नळातून डोंगराचं पाणी या गावात आणलं. चारशे वर्षांमागे! आणि तुला एक सांधा जमंना?" मातीच्या नळाला आवळायला पाना लागत नसावा, एवढंच मी पुटपुटलो. थेंबांची आता धार झाली होती. कर्दळीला तिसरं पान फुटलं.

पाचव्या आठवड्यात प्लंबर गॅसची बत्ती घेऊन आला. तांब्याच्या टोकाला झाळकाम करतात, तसंच इथेही करू म्हणाला. पाइप कोरडा पाहिजे, ही अट आमच्याकडे सहा दिवस आपोआप पुरी होते. त्यानं बत्ती रोखली. मी बारकाईनं बघत होतो. नव्या पाइपाला काहीच झालं नाही. जुन्याच्या अंगावरचा करडेपणा मात्र एकाएकी ओला, चकचकीत झाला, कड किंचित थरथरली आणि एक चांदीसारखा गोळा टप्पदिशी फरशीवर पडून चपटा झाला. आजवर पाणी गळत होतं. आता पाइपच गळायला लागला.

प्लंबर मुकाट्यानं सामान भरायला लागला.

सिटी चौकाच्या अलीकडे एक म्हातारे कल्हईवाले चाचा बसतात. आई त्यांच्याकडूनच पितळी पातेल्यांना कल्हई लावून घेते. कथील आणि नवसागर यांच्या संगतीत त्यांची हयात गेली आहे. त्यांना घरी आणलं. त्यांनी जुन्या पाइपावर नखानं एक ओरखडा काढला. लोखंडावर नखानं ओरखडा! खालून लख्ख रुपेरी रेघ निघाली. "मियाँ, ये लोहा नै है. सीसा है, सीसा. इसकू आंच दिखाते क्या?"

मग सगळं जुळलं. शिसं ३२७ अंशाला वितळतं, तांबं १०८५ अंशाला. एक जण ऊन लागताच चक्कर येऊन पडणारा, दुसरा खदिरांगार. पाना आवळला की मऊ शिसं चेपायचं, लांबट व्हायचं आणि फट वाढायची. शिवाय तांबं नि शिसं पाण्यात शेजारी बसले की त्यांची इवलीशी बॅटरी होते आणि तीत शिसं झिजून पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलीग्रॅमच्या वर शिसं नसावं, असं आपलं मानक आहे आणि मी आरोग्यासाठी ही सोयरीक जुळवली होती! गंमत म्हणजे प्लंबर हा शब्दच शिशाच्या लॅटिन नावावरून, प्लंबमवरून, आला आहे. आमच्या प्लंबरला आपलं कुलदैवत ओळखता आलं नाही.

शिसं मेंदूला वाईट, विशेषतः लहान मुलांच्या, हे मी रात्री जेवताना सांगितलं. बायकोनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "म्हणजे तुम्ही लहानपणापासून याच नळाचं पाणी पीत होता?"

"हो."

"असं होय," ती म्हणाली आणि वरणाची वाटी पुढे सरकवली. वीस वर्षांचं कोडं सुटल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं.

मग अंगण खणलं. बोळातल्या लोखंडी लाइनीपर्यंतचं सगळं शिसं उपसून काढलं, त्या जागी प्लास्टिकचा पाइप आला, तांब्याच्या तोंडाशी पितळी जोड बसला. निघालेला शिशाचा वेटोळा दोन माणसांनी उचलून भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकला तेव्हा गाड्याचं चाक करकरलं.

पुढच्या आठव्या दिवशी रात्री पावणेतीनला नळ आला. मी बॅटरी लावून अर्धा तास सांध्याकडे बघत बसलो. बोटानं चाचपला. कोरडा ठाक. बायकोला उठवून दाखवला. तिनं "बरं" म्हणून कूस बदलली.

सकाळी आई अंगणात उभी होती. कर्दळीला पहिली लाल कळी आली होती आणि खालची माती भेगाळली होती. आईनं सांध्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"एवढं गच्च कशाला आवळलास रे?"