यॉर्कच्या तटाखाली रोमन तट: एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्लंडमधल्या यॉर्क शहराचा तट तेराव्या शतकातला असताना एका बुरुजाच्या चार दगडांवरून मी अख्खा रोमन किल्ला उभा केला, ही पर्यटकांसाठी रचलेली कथा आहे, असं तुम्ही लिहिलंय. आज लोक ज्या तटावरून फिरतात तो बहुतांशी मध्ययुगीन आहे, हे खरंच. माझं म्हणणं त्याच्या खाली काय आहे याबद्दल होतं: तिथे रोमन किल्ल्याचा तट आहे.

तो बुरूज, म्हणजे मल्टँग्युलर टॉवर, डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे त्याचंच नाव घेतात. खाली छोटे, नीट घडवलेले चुनखडीचे दगड आणि त्यांत लाल विटांचा पट्टा, वर मध्ययुगातले मोठे दगड. पण मोठा पुरावा मातीत आहे. शेजारीच अँग्लियन टॉवर या छोट्या दगडी बुरुजापाशी मातीचा बांध उभा कापला तेव्हा थरावर थर उघडे पडले: तळाशी रोमन, त्यावर व्हायकिंगांच्या वेळचा भराव, मग नॉर्मन, मग मध्ययुगीन. हे थर तिथे आजही बघता येतात.

धडधाकट भिंत कुणी मातीत का गाडेल, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला. भिंत टाकून द्यायची म्हणून ती गाडलेली नाही. तिच्यावर माती चढवून उंच बांध केला, की माथ्यावर लाकडी मेढेकोट उभारता येतो. आतली जुनी भिंत बांधाला आधार देते. पुढे त्याच बांधावर दगडी तट चढला. याच मातीने रोमन भिंत जपली. ऑल्डवार्क रस्त्याजवळच्या पूर्व कोपऱ्यात ती मध्ययुगीन तटाच्या आतल्या अंगाला सुमारे पाच मीटर उंच उभी आहे.

आणि सगळा तट रोमन रेषेवर आहे असं कुठे आहे? वायव्य आणि ईशान्य बाजूंना तो ती रेषा धरतो. उरलेल्या दोन बाजू वाढत्या शहराने गिळल्या. तिकडेच, किंग्ज स्क्वेअरपाशी, 1854 मध्ये रोमन सम्राट ट्रेजनच्या नावाचा, इ.स. 107-108 चा शिलालेख निघाला. तो बहुधा दरवाजावरचा. बांधकाम नवव्या लीजनचं, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या तुकडीचं. याच लीजनने इ.स. 71 च्या सुमारास इथे माती-लाकडाचा पहिला कोट घातला होता. पर्यटकांसाठी कथा रचणारा माणूस पुरावा रस्त्याखाली कशाला ठेवेल?

वाद घालायचा तर कालनिर्णयावर घाला. अँग्लियन टॉवर रोमन काळाच्या अखेरचा की सातव्या शतकातला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्यावर तुमचं मत वाचायला मला मनापासून आवडेल.