प्लॅटिनमची ओळख अंगठीपासून करून देऊ नका

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत प्लॅटिनम म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरच्या जाहिरातीतली अंगठी येते. श्रीमंतांची वस्तू, आपला तिच्याशी काय संबंध, असे त्यांना वाटते. मुलांना विज्ञान शिकवणारा माणूस म्हणून माझे स्पष्ट मत आहे की ही ओळख अपुरी तर आहेच, पण खेड्यातल्या मुलांवर अन्याय करणारीही आहे. कारण हा धातू त्यांच्या अंगणात, वावरात आणि दुर्दैवाने काही घरांच्या आजारपणातही येऊन पोहोचलेला आहे.

सुरुवात अंगणातल्या मोटारसायकलपासून करावी. नव्या गाड्यांमध्ये इंजिनातला धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी बसवलेली असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा अतिशय पातळ थर असतो. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड या थरावरून जाताना ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. धातू मात्र या अभिक्रियेत खर्ची पडत नाही. अभिक्रियेला वेग देऊन स्वतः खर्ची न पडणाऱ्या अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. उत्प्रेरकाची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा गार झालेल्या सायलेन्सरजवळ मुलांना उभे करून हे सांगितले, तर ते कायमचे लक्षात राहते. दहावीला ज्यांची त्रिके, म्हणजे सारख्या गुणधर्मांच्या तीन-तीन मूलद्रव्यांचे गट, आपण शिकवतो, त्याच डोबेरायनर यांनी 1823 मध्ये दाखवले होते की प्लॅटिनमच्या भुकटीवर हायड्रोजनचा झोत सोडला तर तो हवेत आपोआप पेट घेतो. हे आपल्याकडे वर्गात फारसे सांगितले जात नाही, याची मला खंत वाटते.

आता वावर. सुफला 15:15:15 ची गोणी आपल्या मुलांनी पाहिलेली असते. ते खत तयार करायला नायट्रिक आम्ल लागते, आणि ते आम्ल बनवताना अमोनिया व हवा यांचे मिश्रण प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तारेच्या जाळीवरून, सुमारे 900 अंश सेल्सिअस तापमानाला सोडतात. प्लॅटिनम 1768 अंशांना वितळते, त्यामुळे जाळी त्या उष्णतेत टिकते. वणीकडच्या कोळसा खाणींत सुरुंगासाठी जे अमोनियम नायट्रेट वापरतात, तेही याच आम्लापासून बनते.

धातू म्हणून तो कसा आहे, तर पांढरट, न गंजणारा, आम्लराजाशिवाय (हायड्रोक्लोरिक व नायट्रिक आम्लांच्या तीव्र मिश्रणाशिवाय) सहसा कशालाही दाद न देणारा आणि विलक्षण जड. एक लिटरच्या बाटलीत मावेल एवढे प्लॅटिनम 21 किलोहून अधिक भरते. जगातले बहुतांश प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींतून येते आणि तिथेही टनभर खनिजातून जेमतेम काही ग्रॅम हाती लागते.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो औषधाचा भाग. 1960 च्या दशकात अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते तपासत होते. त्यांच्या द्रावणात प्लॅटिनमचे विद्युतअग्र बुडवलेले होते. जिवाणू लांबच लांब वाढू लागले, पण त्यांचे विभाजन मात्र थांबले. शोध घेता कळले की हा परिणाम विजेचा नव्हता. अग्रांमधून अगदी थोडे प्लॅटिनम द्रावणात उतरून त्याची संयुगे तयार झाली होती. पेशींचे विभाजन थांबवणारे संयुग कर्करोगाच्या गाठीवर चालेल का, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध आले. अमेरिकेत त्याला 1978 मध्ये मान्यता मिळाली. ते कर्करोगाच्या पेशींतील डीएनएला चिकटते. मात्र उलट्या आणि मूत्रपिंडावरचा ताण हे त्याचे त्रासही मोठे आहेत.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे घोटलेले मिश्रण; त्याने आपल्या भागात तोंडाचे कर्करोग किती घरांत आणले आहेत, हे वेगळे सांगायला नको. अशा अनेक रुग्णांना किरणोपचारासोबत हेच सिस्प्लॅटिन सलाइनमधून देतात. ज्या मुलाच्या घरी असा रुग्ण आहे, त्याला त्या बाटलीत कोणता धातू आहे आणि तो काय करतो, हे सोप्या शब्दांत सांगणारे कोणीतरी शाळेत असलेच पाहिजे.