पोकलेन लावा, पण आधी गाळ मोजा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दर रविवारी चाळीस माणसं घमेली घेऊन गाळ काढायला तळ्यात उतरतात, फोटो काढतात आणि तळं होतं तसंच राहतं. त्यापेक्षा वर्गणी काढून आठ दिवस पोकलेन लावा, जलपर्णीवर तणनाशक मारा, काठाला काँक्रीटची भिंत घाला.

गाळाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. एक एकर तळ्यात फूटभर गाळ म्हणजे ४३,५६० घनफूट, सुमारे ४३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). तीन माणसांनी मिळून एका सकाळी एक ब्रास काढला (हाही अंदाज सढळच आहे), तरी चाळीस जणांचे १३ ब्रास होतात. म्हणजे ३३ रविवार. तळं आटल्यापासून वळवाच्या सरी येईपर्यंत त्यातले जेमतेम आठ-दहा हाती लागतात. एवढा गाळ घमेल्यांनी निघत नाही, हे स्वयंसेवकांनी मोकळेपणानं मान्य करायला हवं.

पण पोकलेनला कुठे थांबवायचं, ते आधी ठरलं पाहिजे. आपल्याकडे कोकणात बहुतेक ठिकाणी खाली जांभा दगड असतो, आणि जांभ्यातून पाणी झिरपतं. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात, त्याचं हे एक मोठं कारण. अशा जमिनीवरच्या जुन्या तळ्यात पाणी टिकतं ते तळाशी बसलेल्या चिकणमातीच्या थरामुळे. बकेटच्या दातांनी तो थर फोडला की तळं ऑगस्टमध्ये काठोकाठ दिसतं आणि फेब्रुवारीत कोरडं पडतं. मग सगळे म्हणतात पाऊस कमी झाला.

म्हणून आधी मोजणी, आणि ती माणसांनीच करायची असते. तळ्यावर दर दहा मीटरला उभी-आडवी दोरी आखायची. प्रत्येक छेदावर दहा-बारा फुटी लोखंडी सळई हातानं दाबायची. मऊ काळ्या गाळातून ती सहज उतरते, चिकणमातीला लागली की अडते. शंका आली तर तिथं छोटा खड्डा घेऊन बघायचं: गाळ काळा, कुजका वास मारणारा, खालची माती फिकट, बोटांना चिकटणारी, वळली तर तुटत नाही. किती फुटांवर सळई अडली ते बांबूच्या खुंटीवर रंगानं लिहायचं. पोकलेनवाल्यानं त्या आकड्याच्या वीतभर वर थांबायचं. थोडा गाळ राहिला तर काही बिघडत नाही.

गाळाला भेगा पडेपर्यंत यंत्र उतरवू नका. ओल्या गाळात ते रुततं आणि ट्रॉल्या बाजारपेठेतून चिखल सांडत जातात. मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर तर नकोच. काढलेला गाळ भातखाचरात किंवा कलमांच्या बागेत जाऊ शकतो, पण गावाचं सांडपाणी तळ्यात येत असेल तर आधी तो प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. काठावर ढीग मात्र कधीच लावू नये. पहिल्या मोठ्या पावसात तो परत तळ्यात येतो.

गाळ येतो कुठून हेही बघायला हवं. पऱ्या (पावसाळी ओढा) जिथे तळ्याला मिळतो, तिथे त्याच्या पात्राच्या दुप्पट रुंद आणि मीटरभर खोल गाळखड्डा हवा. पाणी संथ झालं की वाळू आणि जड माती तिथेच बसते. तो मे महिन्यात रिकामा करायचा, आणि जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत पुन्हा. हे दुसऱ्यांदाचं काम बहुतेक ठिकाणी राहतं, मग खड्डा भरून लाल पाणी सरळ आत जातं. खड्ड्यानं सांडपाणी मात्र अडत नाही. ते गटार वळवणं नगरपंचायतीचं काम आहे, आणि ते होईपर्यंत जलपर्णीला खत मिळतच राहणार.

आता तणनाशक. मेलेली जलपर्णी तिथल्या तिथे कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात. तिच्यातलं सगळं खत पाण्यातच उरतं, म्हणून पुढे पाणी हिरवं होतं. ती बाहेर काढणं हाच उपाय. दाट जलपर्णीचं ओलं वजन चौरस मीटरला वीस-पंचवीस किलो भरतं, गुंठ्याला दोन-अडीच टन. त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणून ती उतारापलीकडे दोन दिवस सुकत टाकावी, मगच वाहून न्यावी. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरचा वारा तिला पूर्वेच्या काठाला लावतो. संध्याकाळी बांबू आणि सुंभाचा आडवा पट्टा बांधून तिला तिथेच अडवलं, तर सकाळी आकडीनं आणि दाताळ्यानं काठावरूनच ओढता येते. फुलं येण्याआधी काढणं महत्त्वाचं, कारण बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. शिवाय तुटलेल्या धावत्या देठापासून नवं रोप होतं आणि अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. दर आठवड्याला चाळीस माणसं हवीत ती इथे. पोकलेन आठ दिवसांनी निघून जातं, जलपर्णी जात नाही.

भिंतीला माझा सरळ विरोध आहे. उभ्या काँक्रीटनं काठातून येणारा झिरपा अडतो आणि बेडकांना, कासवांना चढायला जागा उरत नाही. सिंधुदुर्गातला धामापूरचा तलाव १५३० सालचा, मातीच्या बांधावर आजही उभा आहे. काठ ढासळत असेल तिथे चिऱ्यांचा उतरता कोरडा थर लावा आणि वर वाळ्याचं गवत लावा.

पुढच्या रविवारी येणार असाल तर गमबूट आणि रबरी हातमोजे घेऊन या. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. आपल्या भागात लेप्टोची (उंदरांच्या मूत्रातून पाण्यात-चिखलात येणाऱ्या जंतूंमुळे होणाऱ्या तापाची) भीती खरी आहे. काम झाल्यावर ताप किंवा पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं, तर चिखलात उतरलो होतो हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा. तुमच्या वर्गणीतून सळया, दोरी आणि खुंट्या आधी आणू. पोकलेनची तारीख मोजणीचे आकडे हातात आल्यावर ठरवू.