वय पाहून मॉडेल निवडू नका: एका फार फिरलेल्या दाव्याचा प्रतिवाद

मोठ्या माणसांना शिकवणाऱ्यांमध्ये एक दावा वर्षानुवर्षे फिरतो आहे. कधी तो चित्रातून येतो, कधी ट्रेनिंगच्या पहिल्याच स्लाइडवर दिसतो. त्याचा सारांश असा: माणूस वाचलेल्यातलं 10 टक्के, ऐकलेल्यातलं 20 टक्के आणि स्वतः केलेल्यातलं 90 टक्के लक्षात ठेवतो. प्रौढ माणूस आपलं शिक्षण आपणच ठरवतो, त्याला समजावून सांगायला जाऊ नये. प्रत्येकाची शिकण्याची शैली (पाहून, ऐकून किंवा करून) वेगळी, साहित्य तिच्याप्रमाणे द्यावं. अभ्यासक्रम तयार करायचं ॲडी हे मॉडेल (विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन असे टप्पे) जुनं झालं, आता सॅम (छोट्या फेऱ्यांत नमुने करून सुधारत जाणारं मॉडेल) घ्यावं. आणि तसंही 70 टक्के शिक्षण कामावरच होतं, म्हणून वर्ग कमी करावेत.

हे सांगणारे बहुतेक जण मनापासून सांगतात. रटाळ व्याख्यानांतून प्रशिक्षणार्थ्यांची सुटका व्हावी ही त्यांची तळमळ माझीही आहे. पण या दाव्यावर विसंबून अख्खे अभ्यासक्रम बांधले जातात आणि त्यात भरडला जातो तो नवखा माणूस. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते टक्के. त्यांच्याखाली बहुधा अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं नाव असतं. डेल यांनी 1946 मध्ये दृक्-श्राव्य साधनांवरच्या आपल्या पुस्तकात ‘अनुभवांचा शंकू’ मांडला, हे खरं. पण त्या शंकूत एकही टक्का नाही. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाला शब्द, अशी मूर्ताकडून अमूर्ताकडे जाणारी ती मांडणी होती. कशातलं किती लक्षात राहतं, याबद्दल ती काहीच म्हणत नव्हती. शंकू शब्दशः घेऊ नका, असंही डेल यांनी बजावलं होतं. टक्केवारी छापलेली दिसते ती 1967 मध्ये, डी. जी. ट्रायकलर यांच्या एका मासिकातल्या लेखात, आणि तिथेही ती कोणत्या प्रयोगातून आली हे सांगितलेलं नाही. पुढे शंकू आणि टक्के एकमेकांना चिकटवले गेले. याच जातीचा, तसेच टक्के दाखवणारा ‘लर्निंग पिरॅमिड’ ज्या एनटीएल या अमेरिकी प्रशिक्षण संस्थेच्या नावावर खपतो, तिलाही मूळ संशोधन दाखवता आलेलं नाही.

खरं तर इतकं खोदायच्या आधीच शंका यायला हवी. सगळे आकडे दहाच्या पटीत कसे? लक्षात राहिलं ते किती दिवसांनी तपासलं? एखाद्यानं उतारा वाचला, पुस्तक मिटलं आणि काय आठवतं ते लिहून काढलं, तर त्याला ‘वाचणं’ म्हणायचं की ‘करणं’?

नेमकं हेच रोडिगर आणि कारपिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये तपासलं. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना, म्हणजे प्रौढांनाच, उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले. काहींच्या बाबतीत, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणं पुढे होतं: 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानं चित्र उलटलं: पुन्हा वाचलेल्यातलं 42 टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यातलं 56. साहित्य तेच, माध्यम तेच. फरक पडला तो डोक्याला काय करायला लावलं यानं. तेव्हा लेखी साहित्य फेकून देऊन त्याच्या जागी खेळ आणायची घाई करू नका. त्याच साहित्यात आठवायला लावणारे प्रश्न पेरा, काही लगेच, काही दिवसांच्या अंतरानं. हे कोणत्याही मॉडेलमध्ये बसतं.

दुसरा मुद्दा स्वयंदिशेचा, म्हणजे प्रौढ आपलं शिक्षण आपणच ठरवतो याचा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच्या गैरसमजानं होतं. हा विचार प्रौढशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक माल्कम नोल्स यांचा म्हणून सांगितला जातो. प्रौढांना ‘हे का शिकायचं’ ते कळायला हवं, त्यांच्या गाठीशी अनुभव असतो, समोरच्या कामाशी जोडलेलं त्यांना लवकर पटतं: नोल्स यांची ही निरीक्षणं मला मोलाची वाटतात. पण त्यांचं स्वतःचं मत कुठे सरकलं ते बघा. 1970 मधल्या त्यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात अँड्रागॉजी (प्रौढांना शिकवण्याची पद्धत) ‘विरुद्ध’ पेडागॉजी (मुलांना शिकवण्याची पद्धत) असा सामना होता. 1980 च्या आवृत्तीत ते ‘पेडागॉजीकडून अँड्रागॉजीकडे’ असं झालं. दोन गोटांची जागा एका वाटेनं घेतली. माणूस त्या वाटेवर कुठे उभा आहे, हे विषयागणिक बदलतं.

समजा, एका रुग्णालयात शिरेतून औषध सोडणारा नवा पंप आला आहे. एक परिचारिका गेल्या महिन्यात रुजू झाली, दुसरीची वीस वर्षं वॉर्डात गेली. दोघी प्रौढ, दोघी जबाबदार. पहिलीला पंप देऊन ‘तुमचं तुम्ही शोधा’ म्हटलं, तर तिचं सगळं लक्ष बटणं शोधण्यात संपेल, मात्रेचा हिशेब राहून जाईल. तिला आधी पूर्ण सोडवलेलं उदाहरण हवं, मग अर्धं सोडवलेलं, मग स्वतःचं. दुसरीला हीच पायरी-पायरीची समजूत अडचणीची होते. तिला एक अवघड केस द्या आणि जुन्या पंपापेक्षा काय बदललं तेवढं ठळक सांगा. कारण तिचा धोका वेगळा आहे. तिचा हात जुन्या पंपाच्या सवयीनं चालेल. अनुभव ही पुंजी असते, तशी कधी कधी आडवी येणारी सवयही असते, आणि दाव्यातली ‘अनुभवसंपन्न प्रौढ’ ही प्रतिमा ही दुसरी बाजू पाहतच नाही.

या फरकामागे संशोधन आहे. नवख्याला उपयोगी पडणारं मार्गदर्शन जाणकाराला जड होऊ लागतं, हे कल्युगा, स्वेलर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडलं. नवख्याला फारशा मदतीविना सोडणं का फसतं, याची मांडणी किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी 2006 मध्ये केली. निवडीची रेघ मूल आणि प्रौढ यांच्यामध्ये नाही. ती या विषयातला नवखा आणि या विषयातला मुरलेला यांच्यामध्ये आहे. आणि प्रौढांचा मान राखूनही नीट समजावून सांगणारी मॉडेल्स आहेत. डेव्हिड मेरिल यांनी 2002 मध्ये मांडलेली तत्त्वं घ्या: खऱ्या कामातला प्रश्न मध्यभागी ठेवा, आधीचं ज्ञान जागं करा, करून दाखवा, करायला लावा, रोजच्या कामात उतरवा. काम गुंतागुंतीचं असेल तर व्हान मेरिएनबर यांचं चार घटकांचं मॉडेल मला जास्त भरवशाचं वाटतं. त्यात सुरुवातीपासून अख्खं काम हाताळायला मिळतं, फक्त सोपं आणि भरपूर आधाराचं, आणि मग आधार हळूहळू काढून घेतला जातो.

शिकण्याच्या शैलींवर फार थांबत नाही. लोकांना आवडीनिवडी असतात, यात वाद नाही. पण आवडीच्या माध्यमातून शिकवल्यानं माणूस जास्त शिकतो का? पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा त्याला पुरेसा पुरावा सापडला नाही. माध्यम विषयावरून ठरवा. व्हॉल्व्हची रचना चित्रातूनच कळते, ‘श्राव्य’ शैलीच्या माणसालाही.

आता ॲडी विरुद्ध सॅम. इथे तुलनाच चुकली आहे. ॲडी आणि सॅम अभ्यासक्रम तयार करणाऱ्याच्या कामाचा क्रम सांगतात, मेरिल किंवा शिक्षण-मानसशास्त्रज्ञ गान्ये यांची मॉडेल्स शिकणाऱ्यापुढे काय कोणत्या क्रमानं यावं ते सांगतात. घर बांधायचं वेळापत्रक आणि घराचा नकाशा यांतून एक निवडा, असं कोणी म्हणत नाही. ॲडी किंवा सॅम घेतलं म्हणून अभ्यासक्रम प्रौढांना मानवेल असं होत नाही, कारण माणूस कसा शिकतो हा त्यांचा विषयच नाही.

शिवाय ‘जुनं, ताठर ॲडी’ ही प्रतिमाही पुरती खरी नाही. ॲडीचं मूळ 1975 मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठानं अमेरिकी सैन्यासाठी केलेल्या पद्धतीत सांगतात. तिच्या शेवटच्या टप्प्यातच मूल्यमापन करून दुरुस्ती करणं लिहिलेलं होतं. पुढे मायकल मोलेंडा यांनी 2003 मध्ये दाखवलं की ‘ॲडी’ नावाचं एका लेखकाचं, एका साच्यातलं मूळ मॉडेल सापडतच नाही, ते प्रशिक्षणाचं काम करणाऱ्यांत रुळलेलं नाव आहे. ताठरपणा बहुतेकदा मंजुरीच्या साखळीतून येतो. मायकल ॲलन यांचं 2012 मधलं सॅम चांगलं आहे, आणि कच्चा नमुना लवकर करून खऱ्या शिकणाऱ्यांपुढे ठेवता येत असेल तर मी ते आनंदानं वापरीन. पण नियम ठरलेले आहेत, चूक जिवावर बेतणारी आहे, अनेक ठिकाणी तेच शिकवायचं आहे, तिथे विश्लेषणावर सुरुवातीलाच जास्त वेळ घालवणं शहाणपणाचं ठरतं.

राहिलं 70:20:10, म्हणजे 70 टक्के शिक्षण कामावर, 20 टक्के इतरांकडून आणि 10 टक्के वर्गात. हे प्रमाण सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या अमेरिकी संस्थेच्या 1980 च्या दशकातल्या कामातून आलं. यशस्वी अधिकाऱ्यांना, तुम्ही कशातून घडलात, असं विचारलं होतं. मागे वळून पाहणाऱ्या मुरलेल्या माणसांच्या त्या आठवणी आहेत. त्यावरून नवख्यांच्या वर्गाचे तास कापणं म्हणजे त्यांना थेट त्या 70 टक्क्यांत ढकलणं, आणि तिथे त्यांच्या चुका सहन करायला खरे रुग्ण, खरे ग्राहक बसलेले असतात.

मॉडेलची चर्चा सुरू व्हायच्या आधी मी एक प्रश्न विचारतो. तो मेगर आणि पाइप या प्रशिक्षणतज्ज्ञांनी 1970 मध्ये शिकवलेला आहे: जीव पणाला लागला, तर या माणसांना हे काम जमेल का? उत्तर ‘हो’ आलं, तर त्यांना ते येतंच आहे. अडतंय ते फॉर्म किचकट आहे म्हणून, वेळ पुरत नाही म्हणून, किंवा नीट काम करणाऱ्यावरच जास्त काम लादलं जातं म्हणून. तिथे फॉर्म बदलायचा, अभ्यासक्रम लिहायचाच नाही.