क्रॉमवेलला 'तो' म्हणायचं की 'ते'?

नमस्कार. इंग्लिश कादंबरीकार हिलरी मँटेलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बाईंच्या आजारपणाचं भांडवल करून मी लेख रडका केला, 'वुल्फ हॉल' या कादंबरीत त्यांनी इतिहासाची मोडतोड करून थॉमस क्रॉमवेल या आठव्या हेन्री राजाच्या कारस्थानी मंत्र्याला नायक केलं, आणि पुस्तकभर 'तो' म्हणजे कोण तेच कळत नाही. शिवाय माझी एक चूकही दाखवलीत.

आधी चूक. फ्रेंच राज्यक्रांतीवरची 'अ प्लेस ऑफ ग्रेटर सेफ्टी' ही त्यांची पहिली प्रकाशित कादंबरी, असं मी लिहून बसले. ती पहिली लिहिलेली. 1974 मध्ये सुरू केली, 1979 मध्ये पुरी झाली, कुणी छापेना. बाहेर आली 1992 मध्ये. मधल्या काळात, 1985 मध्ये, 'एव्हरी डे इज मदर्स डे' आली, ती पहिली. मजकूर दुरुस्त केला आहे.

आता आजारपण. दोन परिच्छेद पाणावलेले होते, कबूल. पण ते काढले तर मला वाटतं पुस्तकंही कळायची नाहीत. विशीतल्या या मुलीच्या दुखण्याला डॉक्टरांनी मनाचे खेळ ठरवलं, मनोविकाराच्या गोळ्या दिल्या, वर लिहिणं बंद करायचा सल्ला. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे बोट्सवानात असताना तिने स्वतःच वैद्यकाचं पुस्तक उघडून रोग ओळखला: एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. 27 व्या वर्षी लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. गर्भपिशवी आणि अंडाशय, दोन्ही गेले. इथे कणव वाटणं ठीक, पण माझा मुद्दा केसपेपरचा होता. आपल्याबद्दलचा कागद दुसराच कुणी लिहितो, आणि तोच खरा धरला जातो.

थॉमस क्रॉमवेलचं नेमकं हेच झालं. त्याला आलेली पत्रं ढिगाने शिल्लक आहेत, त्याने धाडलेली त्या मानाने फार थोडी. म्हणजे लोक त्याच्याकडे काय मागत होते, त्याला किती भीत होते ते दिसतं; तो स्वतः दिसत नाही. मँटेल त्या रिकाम्या जागेत जाऊन बसल्या. कुठल्या तारखेला कोण कुठे होतं याची कार्डं त्यांनी करून ठेवली होती. मोडतोड करणारी माणसं एवढी हमाली करत नाहीत.

आणि क्रॉमवेलला वर काढणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत. इतिहासकार जी. आर. एल्टन यांनी 1950 च्या दशकातच त्याला आधुनिक राज्यकारभाराचा शिल्पकार ठरवलं होतं. क्रॉमवेलचा विरोधक थॉमस मोर याला मात्र 1935 मध्ये संतपद मिळालं होतं, 1960 मध्ये रॉबर्ट बोल्टच्या नाटकाने त्याला रंगभूमीवरही संत केलं. मोर चॅन्सलर, म्हणजे राजाचा सर्वांत वरचा मंत्री, असताना पाखंडी ठरवलेल्यांना जिवंत जाळलं गेलं, हे त्या उजेडात दिसेनासं झालं. तरी तुमचा मुद्दा पुरता खोडत नाही: मँटेलचा मोर जरा जास्तच कुजकट आहे. एमन डफींसारख्या इतिहासकारांचीही तीच तक्रार होती. (न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात चित्रकार होल्बाइनने काढलेली क्रॉमवेल आणि मोर यांची चित्रं शेकोटीच्या दोन बाजूंना समोरासमोर टांगली आहेत. मेल्यावरही सुटका नाही!)

राहिला 'तो'. ही तक्रार एकट्या तुमची नाही. पुढच्या खंडात बाई वरचेवर 'तो, क्रॉमवेल' असं लिहू लागल्या ते काही उगाच नव्हे. पण 'वुल्फ हॉल'चं पहिलं पान पुन्हा काढा. लंडनजवळच्या पुटनीत बापाच्या लाथा खाऊन पोर फरसबंदीवर पडलंय, आणि आपल्याला दिसतो तो बापाच्या बुटाचा टाका, पोराच्या डोळ्यांतून. तिथे नाव घ्यायला बाहेरचं माणूस लागतं, आणि बाहेर कुणी नाहीच.

खरी पंचाईत हे मराठीत आणताना होते. इंग्रजीत लोहाराचं पोर असो की राजाचा मंत्री, सर्वनाम एकच. आपल्याला ठरवावं लागतं. मार खाणारा 'तो', ठीक. राजाचा आधीचा मंत्री कार्डिनल वुल्झी याच्या पदरी असतानाही 'तो'च. पण पुढे अख्खं इंग्लंड ज्याच्या सहीवर चालतं त्याला निवेदनात 'ते' कधी म्हणायचं? कितव्या पानावर? 'ते' म्हटलं की आपण त्याच्या डोळ्यांमागून उठून दरबारात हात बांधून उभे राहिलो. मी गंमत म्हणून दोन-तीन पानं करून पाहिली आणि निवेदनात 'तो'च ठेवला. आदर काय तो संवादांत येऊ दे, ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे. क्रॉमवेलचा दरबारातला वैरी, नॉरफोकचा ड्यूक, तेवढा शेवटपर्यंत अरेतुरेच करील. जून 1540 मध्ये अटकेच्या वेळी क्रॉमवेलच्या गळ्यातलं मानचिन्ह ओरबाडून काढलं ते त्यानेच.